खुलासा: समुपदेशन घेतल्याने डॉक्टर-नर्सची नोंदणी रद्द होत नाही

रेसिडेंट डॉक्टर आणि नर्सिंगच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘इम्पोस्टर सिंड्रोम हा मानसिक आजार आहे. समुपदेशन घेतलं की कौन्सिलला कळतं, नोंदणी जाते.’ (कौन्सिल म्हणजे डॉक्टर-नर्सची नोंदणी करणारी संस्था.) दोन्ही विधानं चुकीची आहेत.

‘मला खरं तर काही येत नाही, कधीतरी उघडं पडेन’ या भावनेला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. तिचं वर्णन मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये केलं. आयसीडी किंवा डीएसएम या आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये ते निदान म्हणून नाही. आणि रात्री अडीचला पोटॅशियम क्लोराइडचा डोस दुसऱ्याकडून तपासून घेणं म्हणजे आत्मविश्वास कमी असणं नव्हे. ते औषध दोघांनीच तपासायचं असतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांशी जोडून देतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23 नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहते. जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत; कौन्सिलला आपोआप कळवणं त्यात नाही.

खरा धोका वेगळाच. असल्या मेसेजला घाबरून काही जण स्वतःच अल्प्राझोलाम हे चिंता कमी करणारं औषध सुरू करतात. त्याची सवय लागते आणि एकदम थांबवलं तर फिटसुद्धा येऊ शकते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे आला असेल तिथे हा खुलासा टाका.