मित्राकडून बोली लावून घेण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा

ऑनलाइन लिलावात वस्तूला चांगला भाव मिळावा म्हणून मित्राच्या खात्यावरून बोली चढवून घ्यावी, असा सल्ला देणारा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाच्या जाहीर नियमांनुसार अशी संगनमताची बोली निषिद्ध आहे. २००० साली तेथेच एका चित्राची बोली याच मार्गाने फुगवली गेली, तेव्हा विक्री रद्द होऊन संबंधितांवर अमेरिकेत फौजदारी खटला भरला गेला. शिवाय खऱ्या ग्राहकाची कमाल बोली गुप्त असल्यामुळे मित्राची बोली तिच्या वर गेली, की वस्तू विक्रेत्याच्याच गळ्यात पडते. ठरावीक किमतीखाली विकायचे नसेल, तर राखीव किंमत लावण्याची रीतसर सोय अनेक ठिकाणी असते, आणि चांगल्या भावासाठी वस्तूवरचा, उदाहरणार्थ कपाच्या कानाजवळचा, बारीक तडाही दिसेल असे छायाचित्र माझ्या मते अधिक उपयोगी पडते. बोली चढवून घेण्याचा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.