तुम्ही तरी चिडू नका, ताई

मनःशांतीचा एक तोटा कुणीही आधी सांगत नाही. ती मिळो न मिळो, तुम्ही तिच्या मागे लागला आहात एवढं चार लोकांना कळलं की तुमचा चिडण्याचा हक्क गेला. कायमचा. पूर्वी मी ओला टॉवेल गादीवर दिसला तर चिडायचे, दूध उतू गेलं तर चिडायचे, आणि घर निमूटपणे ऐकून घ्यायचं. आता आवाज जरा चढला की आतल्या खोलीतून सासूबाई विचारतात, "का गं, दहा दिवस ध्यानाला जाऊन आलीस ना इगतपुरीला?" प्रश्न अगदी साधा. पण त्याला उत्तर नाही.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. मार्चअखेरीला रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी गोळी दिली आणि "टेन्शन घेऊ नका" असं सांगून फी घेतली. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी येवल्याची. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेच येवला. तिच्या घरी आजीपासून रोज त्रिसरण-पंचशील चालतं, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं आणि पाच नियमांचं वचन. ती म्हणाली, "ताई, एकदा विपश्यनेला, दहा दिवसांच्या ध्यानाला, बसून या." मी विचारलं, तू जाऊन आलीस का? "तुमच्यासाठी तो कोर्स आहे, आमच्यासाठी ते घर आहे," ती म्हणाली, आणि डबा उघडता उघडता पुढे जोडलं, "आणि घर म्हटलं की भांडणं आलीच, तेव्हा फार आशेने जाऊ नका."

मी मात्र आशेनेच गेले, कारण चौकशी करताना एक गोष्ट कळली होती. सत्यनारायण गोएंका १९६९मध्ये ही साधना घेऊन भारतात आले. ती त्यांना ज्यांनी शिकवली ते रंगूनचे सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते. महालेखापाल! अख्ख्या देशाचा हिशेब सांभाळून त्यांनी स्वतःच्या कचेरीतल्या लोकांनाही ध्यानाला बसवलं. गोएंका मूळचे व्यापारी, अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे गेले, तर ऊ बा खिन यांनी आधी नकारच दिला. नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, म्हणाले. व्हाउचरला सही नसेल तर पैसे नाहीत, असा खास आमच्या खात्याचा बाणा. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

इगतपुरीचं धम्मगिरी नाशिकहून गाडीने तासाभराच्या अंतरावर, पण आत गेल्यावर जग संपतं. मोबाइल जमा, वही-पेन बंद, बोलणं बंद, खुणासुद्धा बंद. याला तिथे आर्य मौन म्हणतात. पहाटे चारला घंटा. साडेचारला हॉलमध्ये. नाश्ता साडेसहाला, जेवण अकराला, आणि त्यानंतर नव्या साधकांना पाच वाजता चहा आणि फळ. जुन्या साधकांना तेही नाही, फक्त लिंबूपाणी. जुने साधक त्या लिंबूपाण्याकडे ज्या समतेने, म्हणजे ना हवं ना नको अशा शांतपणे, बघत, ती बघून मला त्यांची भीतीच वाटली.

पहिले तीन-साडेतीन दिवस एकच काम, आनापान: श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नाकपुडीशी कसा लागतोय ते बघायचं. काही म्हणायचं नाही, श्वास लांबवायचा नाही, नुसतं बघायचं. यात काय अवघड, असं वाटून मी बसले. दोन श्वास झाले आणि मनाने कळवलं, फ्रीजमध्ये कोथिंबिरीची जुडी राहिली आहे. परत श्वास. "ती आता काळी पडली असेल." परत श्वास. "ह्यांना दिसणार नाही. दिसली तरी ती कोथिंबीर आहे हे कळणार नाही." तिथून मन जे निघालं, ते लग्नात ह्यांच्या मामांनी काढलेल्या एका शब्दापर्यंत जाऊन आलं. संध्याकाळच्या प्रवचनात साधकाचे पाच शत्रू सांगतात: हवंहवंसं वाटणं, नकोनकोसं वाटणं, सुस्ती, बेचैनी आणि शंका. माझ्याकडे पाचही हजर होते. सुस्ती तर नाश्त्यानंतर, अगदी वेळेवर.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते आणि तिच्याबरोबर अधिष्ठान. दिवसातून तीनदा तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. शरीरात जे उठेल ते बघायचं आणि समजायचं की हे अनिच्च आहे, कायम टिकणारं नाही. माझ्या डाव्या गुडघ्याने हे मानायला नकार दिला. नाकाच्या शेंड्यावर खाज उठायची, मी समतेने बघायचे, तीही समतेने वाढायची. एकदा मात्र ती खरोखर आपोआप विरली. अर्धाएक मिनिट इतका आनंद झाला की त्या आनंदालाही चिकटायचं नसतं हे मी विसरले.

या सगळ्यापेक्षा कठीण होत्या माझ्या उजव्या हाताच्या, गुलाबी शालीच्या बाई. त्या ढेकर द्यायच्या. मोठी नाही, लहान, पण नेमकी मन टेकलं की. बोलायची सोय नव्हती, रागाने बघायचीही नव्हती, त्यामुळे माझं त्यांच्याशी भांडण आतल्या आत रोज रंगायचं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत मी त्यांना इतकं बिनतोड सुनावलं होतं की त्यांना उत्तरच सुचेना. दहाव्या दिवशी मंगल मैत्री झाली, सगळ्या प्राण्यांचं भलं होवो असं म्हणून झालं आणि मौन सुटलं. बाई थेट माझ्याकडे आल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो, तुमचे गुडघे किती वाजायचे! मी तर मनातल्या मनात फार भांडले तुमच्याशी." नाशिकपर्यंत आम्ही एकाच गाडीने आलो.

शिबिरात फी नसते, शेवटी ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं. फक्त एक सूचना मिळते: घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. हे सांगणाऱ्याने आमची सोसायटी पाहिलेली नाही.

सकाळचा तास घंटागाडीचा. तिचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की अख्ख्या इमारतीत ओला-सुका कचऱ्याची पळापळ होते, आणि डोळे मिटलेल्या बाईला कळत असतं की आपली ओली बादली कुणीही उचललेली नाही. संध्याकाळचा तास सासूबाईंच्या मालिकेचा. मालिकेतल्या सुना ज्या वेदना भोगतात त्यांच्यापुढे माझ्या गुडघ्याची वेदना काहीच नाही. घरच्यांनी सहकार्य केलं नाही असं मात्र म्हणता यायचं नाही. दाराबाहेर सगळे चवड्यांवर चालतात. थोड्या वेळाने दार किंचित उघडतं, कुणीतरी डोकावतं आणि अत्यंत मृदू स्वरात विचारतं, "डिस्टर्ब नाही करत हं. विरजण कुठंय?"

ह्यांनी तर विपश्यना न करताच तिच्यातला सगळ्यात उपयोगी भाग उचलला. गॅसचं बुकिंग केलं का, नणंदबाईंना परस्पर होकार कुणी कळवला, असं काही विचारलं की ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "आर्य मौन."

लेकीचं म्हणणं, एवढ्या लांब जायची गरजच नव्हती, फोनवर ॲप आहे. त्यातली एक बाई इंग्रजीतून फार गोड आवाजात श्वास बघायला सांगते, आणि आठवडाभराचं फुकट संपलं की पैसे मागते. मी माहिती काढली. १९७९मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बौद्ध साधनेतून धर्माचा भाग बाजूला ठेवून घेतलेला. तिथून हे माइंडफुलनेस जगभर पसरलं. रुग्णांना आराम पडला असेल तर चांगलंच आहे. पण पंचशीलातलं खोटं न बोलणं आणि नशा न करणं वाटेत कुठेतरी उतरून गेलं आणि वर्गणी तेवढी चढली, हे हिशेबनीस म्हणून मला खटकतं. लेक म्हणाली, "आई, तू जजमेंटल होतेयस." हा शब्द तिला त्याच ॲपवाल्या बाईने शिकवला.

खरी परीक्षा द्वारका चौकात. तिथे वाहतूक तशीही कधी सुटत नाही, त्यात २०२७च्या सिंहस्थाची खोदकामं. एकदा अडकले असताना वाटलं, हा वेळ सार्थकी लावू. स्कूटरवर बसूनच आनापान सुरू केलं. आत येणारा श्वास डिझेलचा, बाहेर जाणाराही जवळजवळ डिझेलचाच. तरी मन हळूहळू टेकलं. इतकं टेकलं की मागच्या रिक्षावाल्याने बाहेर वाकून विचारलं, "ओ मावशी, सिग्नल सुटला! झोपल्या का?" जागरूकतेची एवढी साधना करून माणसाला भर चौकात हे ऐकावं लागतं.

शांती अशी खणखणीत मला एकदाच मिळाली, आणि ती डोळे मिटून नाही. येवलेकरीण म्हणाली, रविवारी पांडवलेणीला चला. पांडवांचा इथे काहीही संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरातली ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंची. खाली बुद्धविहार आणि फाळके स्मारक, वर जायला भरपूर पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर आपल्याला मागे टाकून धावणारी, वजन कमी करायला आलेली माणसं. दहा नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे. क्षत्रप नहपान या इथल्या तेव्हाच्या राजाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी इथल्या भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव ठेवली. गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. गोवर्धन म्हणजे आजही गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं तेच. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. मुदलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर एका जागी, राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा.

मी तिथेच उभ्या उभ्या मांडलं. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, बारा प्रमाणे, दोनशे चाळीस. पै न पै जुळली. १९०० वर्षं झाली तरी ताळा चुकत नाही! अंगावर वरपासून खालपर्यंत अशी लहर गेली की इगतपुरीत दहा दिवस मी जिची वाट बघितली ती हीच असावी. "ताई, मूर्ती आतमध्ये आहे," येवलेकरीण म्हणाली. मी म्हटलं, थांब, दुसऱ्या ठेवीचं नव्वद राहिलं.

त्याच भरात मी सोसायटीचं खजिनदारपद पुन्हा स्वीकारलं. आमच्या बी विंगमधले एक काका मेंटेनन्स भरत नाहीत. पैसे नाहीत असं नाही, तत्त्व म्हणून. आधी लिफ्टचं तत्त्व होतं, मग पाण्याच्या टँकरचं. वार्षिक सभेत मी थकबाकीची यादी वाचायला उभी राहिले तोच अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही तरी चिडू नका हं, तुम्ही विपश्यनावाल्या." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. काकांनी तर कमालच केली. डोळे अर्धे मिटले, हात छातीशी जोडले आणि सभेला उद्देशून म्हणाले, "थकबाकी काय, घर काय, देह काय. ताईंनाच विचारा. सगळं अनिच्च."

सभा खूश. मागून कुणीतरी "साधु, साधु" म्हणालं. माझ्या कानशिलांत गरम वाटू लागलं, पोटात काहीतरी घट्ट झालं, आणि सवयीने मी ते बघितलं. गरम आहे. घट्ट आहे. थोडं सैल होतंय. त्या तेवढ्या वेळात सभेला वाटलं की मी हरले.

मग मी आवाज न चढवता म्हटलं, "काका, अगदी बरोबर. अनिच्च म्हणजे क्षणोक्षणी बदलणारं. तुमची थकबाकीही बदलतेच आहे. आपल्या ठरावाप्रमाणे वर्षाला एकवीस टक्के सरळव्याजाने."

दुसऱ्या दिवशी मुद्दल जमा झालं. व्याज माफ करावं असा अर्ज काकांनी दिलाय, त्यात "करुणा" हा शब्द दोनदा आहे आणि सोबत मंगल मैत्रीच्या ओळी लिहिल्या आहेत. अर्ज पुढच्या मिटिंगला येणार आहे. अध्यक्षांचा फोन आत्ताच येऊन गेला, तुम्ही तरी ताणू नका म्हणून. मी त्यांना उषवदाताचा मुदलाचा आणि व्याजाचा लेख झेरॉक्स काढून पाठवणार आहे. ह्यांना विचारलं, पाठवू ना? तर ओठांवर बोट.