स्टेबल म्हणजे शिळं नव्हे, नाना!

रविवारी पोहे-जलेबी तोंडात आणि रामबागेतून काकूचा फोन : "अरे, ह्यांच्या लॅपटॉपवर नुसती काळी पाटी आलीय, वर पांढरी अक्षरं. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब त्यातच आहे रे!"

नानांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी डेबियन ही मोफत सिस्टीम आहे. तिचे तीन फाटे : तपासून पक्कं केलेलं स्टेबल, रोज बदलणारं अनस्टेबल आणि या दोघांमधलं टेस्टिंग. जाऊन बघतो तर प्रोग्रॅम कुठल्या फाट्यातून घ्यायचे ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाईलमधलं 'ट्रिक्सी' (आत्ताच्या स्टेबलचं नाव) खोडून नानांनी 'सिड' लिहिलेलं, म्हणजे स्टेबलवरून थेट अनस्टेबल. अपग्रेडनं 'ही पॅकेजेस (म्हणजे प्रोग्रॅम) काढली जातील' म्हणून भलीमोठी यादी दाखवली, त्यात अख्खा डेस्कटॉप होता. नानांनी न वाचता 'वाय' दाबलं. का? तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता : "स्टेबल म्हणजे दोन वर्षांचा शिळा माल. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, हॅकर सहज घुसतात. अनस्टेबल हे नाव फक्त घाबरवायला आहे. फारच भीती वाटली तर टेस्टिंग घ्या, तो मधला सुरक्षित मार्ग."

नाव घाबरवायला? 'सिड' हे नाव एका कार्टूनमधल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं आहे. डेबियनवाल्यांनी आणखी किती स्पष्ट सांगायचं?

आता ते दुरुस्त्यांचं. सगळ्यात घातक थाप हीच. लिहिणाऱ्यानं फक्त आवृत्तीचा आकडा पाहिलाय. ट्रिक्सीच्या आधीचं स्टेबल म्हणजे डेबियन १२. त्यात ओपनएसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) ९.२ होतं आणि शेवटपर्यंत ९.२च राहणार. १ जुलै २०२४ ला त्यातलं एक मोठं भगदाड जाहीर झालं, आणि त्याच दिवशी स्टेबलला दुरुस्ती आली. आकडा तोच, फक्त त्याच्या शेपटीला 'डेब१२यू३' लागलं. नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती उचलून जुनीत बसवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, ही स्टेबलची रीत. स्टेबल म्हणजे 'न बदलणारं'. कधीच न अडकणारं, असं कुणी म्हटलेलं नाही.

उलट 'नवं ते सुरक्षित' मानणाऱ्यांनी २९ मार्च २०२४ आठवावा. एक्सझेड नावाच्या फाईल दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत, कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. तो अनस्टेबलमध्ये पोचला, टेस्टिंगमध्येही पोचला. स्टेबलमध्ये नाही. डेबियनच्या त्या वेळच्या सुरक्षा सूचनेत हे स्वच्छ लिहिलंय. शिळा माल वाचला, ताजा नासका निघाला.

बरं, एक मान्य करावं लागेल. तो चोरदरवाजा ज्यानं पकडला तो आंद्रेस फ्रॉइंट सिडच वापरत होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खणत गेला. म्हणजे सिड कुणीतरी वापरायलाच हवं, नाहीतर दोष सापडणार कसे? पण तो पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर आहे. आमचे नाना वर्गणीच्या पावत्या टाइप करतात.

टेस्टिंगचा 'मधला मार्ग' तर भलताच. तिथल्या दुरुस्त्या बहुतेक वेळा अनस्टेबलमधून येतात, आणि वाटेत काही दिवस थांबतात. रांगेत शेवटचे तुम्ही.

मेसेजमध्ये आणखी होतं की नवा लॅपटॉप स्टेबलवर चालत नाही. अर्धं खरं आहे. वायफायचं कार्ड फारच नवं असेल तर जुनं कर्नल (सिस्टीमचा गाभा) ते ओळखत नाही. त्यासाठी बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या ठेवलेल्या वेगळ्या साठ्यातून, नवं कर्नल घेता येतं, सगळी सिस्टीम उपटायची गरज नाही. आणि नानांचा लॅपटॉप २०१७ चा आहे! फायरफॉक्स जुना मिळतो म्हणाल, तर स्टेबलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात.

होम, म्हणजे नानांच्या फाईलींचा फोल्डर, डिस्कच्या वेगळ्या भागावर होतं म्हणून हिशोब वाचला. ट्रिक्सी पुन्हा टाकून दिलं, वर्गणीची फाईल उघडली, काकूनं चहा ठेवला. तेव्हा कुठे नाना हळूच म्हणाले, "तो मेसेज मी पण पुढे ढकललाय रे. मंडळाच्या अकरा जणांना."

हे त्या अकरा जणांसाठी.