‘बघून चालायचं ना!’ म्हटल्याने दावा संपत नाही

पायाखालची फरशी डुगडुगली, माणूस तोंडावर आपटला, मनगट मोडलं. प्लास्टर वाळायच्या आत दोन सल्लागार दारात हजर असतात. एक म्हणतो, ‘बघून चालायचं ना!’ दुसरा म्हणतो, ‘दावा ठोक, सोडू नकोस.’ सध्या हातोहात फिरणारा मजकूर पहिल्या सल्लागाराचा आहे, फक्त त्याला कायद्याचा कोट चढवलाय. तो थोडक्यात असा:

‘फूटपाथवर पडलात तर कायद्याने चूक तुमचीच. सरकारी यंत्रणेवर असा दावा चालतच नाही. चाललाच, तरी उंचवटा एक इंचापेक्षा कमी असेल तर हरलात, जास्त असेल तर जिंकलात. घाई करू नका, तीन वर्षांची मुदत असते. खोदकाम कंत्राटदाराचं असेल तर पालिकेचा संबंध नाही. आणि असे दावे म्हणजे करदात्यांच्या खिशावर डल्ला.’

निकालपत्रं वाचायचा मला जुना नाद आहे, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवेना. क्रम थोडा बदलतो, कारण दुसरं विधान आधी निकालात काढलं की बाकीच्यांचं कोडं सुटायला लागतं.

‘सरकारी यंत्रणेवर दावा चालतच नाही’

हे खोटं म्हणण्यापेक्षा शिळं म्हणावं. 1788 साली इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातला एक पूल नादुरुस्त होता. त्यामुळे एकाच्या मालवाहू गाडीचं नुकसान झालं आणि त्याने परगण्यातल्या रहिवाशांवरच दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. एका न्यायाधीशाचं म्हणणं असं, की साऱ्या जनतेची अडचण होण्यापेक्षा एकट्याने इजा सोसलेली बरी. या विचारातून पुढे एक विचित्र नियम घट्ट झाला: रस्ता सांभाळणाऱ्याने काम केलं आणि ते चुकलं, तर तो जबाबदार, मुळात कामच केलं नाही, तर मोकळा. म्हणजे फरशी वाकडी बसवणारा अडकणार आणि वर्षानुवर्षं तिकडे न फिरकणारा सुटणार! आळसाला असं संरक्षण क्वचितच मिळालं असेल.

इंग्लंडने ही सूट 1961 च्या कायद्याने काढून टाकली. तो बदल 1964 पासून लागू झाला. आज तिथे 1980 च्या हायवेज ॲक्टचं कलम 41 आहे आणि त्यानुसार सार्वजनिक रस्ता, पदपथासकट, सुस्थितीत ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) 2001 मध्ये ब्रॉडी खटल्यात हीच जुनी सूट मोडीत काढली. लगेच 2002 मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने कायदा करून ती थोडी परत आणली: नेमक्या त्या धोक्याची प्राधिकरणाला प्रत्यक्ष माहिती असेल, तरच काही न केल्याबद्दल त्याला धरता येईल. सूट गेली, अर्धी परत आली, पण ‘चालतच नाही’ असं आता कुणी म्हणत नाही.

भारतात तर हा प्रश्न 1966 मध्येच सुप्रीम कोर्टापुढे आला होता. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळला आणि खालची माणसं मेली. अशा वास्तूचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, मनोरा ऐंशी वर्षांचा. दोष आतला होता, वरून दिसत नव्हता, हा पालिकेचा बचाव कोर्टाने मानला नाही. रस्त्यालगतची वास्तू ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच ती सुरक्षित ठेवायची. पदपथाबद्दल बोलायचं तर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पादचाऱ्यांना वापरता येण्याजोगे पदपथ मिळणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यातले खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना इजेच्या स्वरूपाप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. उखडलेला प्रत्येक पेव्हर ब्लॉक त्यात आपोआप बसतो असं मात्र धरून चालू नये.

‘चूक तुमचीच’

या विधानाला लंडनच्या एका खटल्यात फार सुंदर उत्तर मिळालं. वीज मंडळाच्या कामगारांनी पदपथात चर खणला होता. लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून लांब दांड्याचा एक हातोडा आडवा-तिरका टेकवून ठेवला होता. डोळस माणसाला तो दिसला असता. हेली नावाचे गृहस्थ अंध होते. ते नेहमीसारखे काठीने चाचपत आले, काठी हातोड्याच्या वरून गेली, ते अडखळून पडले आणि त्या पडण्यात त्यांची श्रवणशक्तीही गेली. खालच्या कोर्टांत ते हरले. 1964 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल फिरवला. दर पाचशे माणसांत साधारण एक अंध असतो, अंध माणसं एकटी रस्त्यावर फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग खोदणाऱ्याने त्यांचा विचार करायलाच हवा, असा त्यामागचा तर्क होता.

‘बघून चालायचं ना’ म्हणणारा गृहीत धरतो की पदपथ फक्त तरण्याताठ्या, डोळस आणि खाली बघत चालणाऱ्यांसाठी आहे. कायदा तसं धरत नाही. काठीवाल्या आजोबांचाही तो आहे, पोर कडेवर घेतलेल्या बाईचाही.

पडणाऱ्याची चूक कधीच मोजली जात नाही, असं नाही. भर उजेडात, समोर लाल फीत लावलेली असताना मोबाइलमध्ये डोकं घालून कुणी खड्ड्यात उतरला, तर कोर्ट ते पाहणारच. पण इंग्लंडच्या 1945 च्या कायद्यानुसार त्याने भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होत नाही. न्यूयॉर्कमध्येही तसंच. अमेरिकेतल्या मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत मात्र पडणाऱ्याची थोडीशी चूकही अख्खा दावा बुडवू शकते. मजकूर लिहिणाऱ्याने तिकडचं काही वाचून सगळ्या जगाला लावलं असेल का, कळत नाही.

‘एक इंचाचा नियम’

हा भाग सर्वात जास्त पटतो, कारण त्यात आकडा आहे. फूटपट्टी टेकवली की निकाल हातात!

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या दोन खटल्यांकडे पाहा. 1966 च्या ग्रिफिथ्स खटल्यात डुगडुगणाऱ्या फरशीची कड जेमतेम अर्धा इंच वर आलेली होती. पडणारा जिंकला. दोनच वर्षांनी लिटलर खटल्यात पदपथावरचा दोष साधारण अर्ध्या इंचाचाच. पडणारा हरला. शहर तेच, प्रतिवादी तोच, माप तेच, निकाल उलटे. लिटलरमध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की पदपथाला चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या सपाट हिरवळीचा निकष लावता येत नाही. लोकांच्या नेहमीच्या वापरात धोका होईल असं वाजवीपणे दिसत असेल तरच तो पदपथ धोकादायक. ग्रिफिथ्समध्ये पालिका अडकली ती मापामुळे नव्हे, तर नियमित पाहणीची व्यवस्थाच तिच्याकडे नव्हती म्हणून.

आता ‘एक इंचाच्या वर म्हणजे जिंकलात’ हेही तपासू. इंग्लंडमधल्याच बार्न्सली शहराच्या 1992 च्या खटल्यात फरशीचा कोपरा निघून सव्वा इंच खोल खळगा झाला होता, त्यात एका बाईच्या बुटाची टाच अडकली. अपिलात त्या हरल्या. माप लावून यांत्रिकपणे निकाल देता येत नाही, असं कोर्टाने बजावलं. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टानेही 1997 मध्ये अर्ध्या इंचाहून किंचित जास्त उचललेल्या लादीचा दावा फेटाळला, पण फेटाळताना सांगितलं की किमान मापाचा असा कोणताही नियम नाही. रुंदी, खोली, कडेचा खडबडीतपणा, जागा, वेळ आणि परिस्थिती हे सगळं एकत्र पाहायचं.

मग हा इंच आला कुठून? अनेक प्राधिकरणं आपल्या तपासनीसांसाठी एक माप ठरवतात: दोष एवढा असेल तर दुरुस्तीला लिहा, नसेल तर पुढे चला. ती त्यांच्या कामाची सोय. लोकांनी तिचा कायदा करून टाकला.

त्या मजकुरात नसलेला प्रश्न

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक दाव्यांचा जीव ज्या प्रश्नात असतो, त्याचा या मजकुरात पत्ताच नाही. यंत्रणेला हा दोष माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? आणि मग तिने काय केलं?

इंग्लंडच्या कायद्यातलं कलम 58 हेच विचारतं. प्राधिकरणाने वाजवी काळजी घेतल्याचं सिद्ध केलं तर ते सुटतं, पण सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. मग पाहणीच्या वह्या निघतात: शेवटचा तपासनीस कधी गेला, काय लिहून आला, दुरुस्तीचा हुकूम कधी सुटला. गजबजलेल्या पदपथावर वर्षभर कुणी फिरकलं नसेल तर बचाव लंगडा पडतो. पाहणी नेमाने होत होती आणि फरशी कालच उखडली, तर दावा लंगडा.

न्यूयॉर्कने 1979 मध्ये याच्या उलट टोकाला उडी मारली. नियम केला की शहराला दोषाची आगाऊ लेखी सूचना मिळालेली असेल आणि तरी पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच शहर जबाबदार. आता रस्त्याने जाणारा कोण कशाला प्रत्येक खड्ड्याची लेखी सूचना देत बसेल? शहराचा हिशोब बहुधा तोच असावा. पण भरपाईचे दावे लढवणाऱ्या वकिलांनी 1982 मध्ये एक संस्थाच काढली, माणसं नेमून पदपथ न् पदपथ पालथा घातला आणि खुणांनी भरलेले नकाशे शहराच्या दप्तरात दाखल केले. झाली लेखी सूचना! पुढे खटले रंगले ते त्या नकाशांवरची एखादी खूण खड्ड्याची की उंचवट्याची यावर. वकिलांचा स्वार्थ त्यात उघड होता. तरी शहराला आपल्या पदपथांचा इतका बारीक नकाशा फुकटात मिळाला, हे विसरता येत नाही. 2003 मध्ये शहराने पदपथाची जबाबदारी बहुतांश लगतच्या मिळकतदारांवर ढकलली. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची घरं तेवढी वगळली.

म्हणून तुमच्या आधी कुणी केलेली तक्रार, तिचा क्रमांक, तिची पोच ही तुमच्या एक्स-रे इतकीच मोलाची. भारतात ती माहिती अधिकारात मागता येते.

‘घाई करू नका, तीन वर्षं असतात’

सहा विधानांत हेच सर्वात घातक. इंग्लंडमध्ये तीन वर्षं, हे बरोबर. न्यूयॉर्क शहरावर दावा करायचा तर 90 दिवसांत नोटीस आणि एक वर्ष 90 दिवसांत खटला. मुंबई महापालिकेच्या कायद्यातल्या कलम 527 मध्ये एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत आहे. दावा सरकारवर असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस. ‘तीन वर्षं आहेत’ म्हणून निवांत बसलेल्याचा दावा दारातच अडू शकतो.

आणि कागदावरची मुदत शिल्लक असली तरी पुरावा थांबत नाही. माणूस पडला की बऱ्याचदा चार दिवसांत सिमेंटचं थापण पडतं. फोटो त्याच दिवशी हवा: एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा निदान नाणं ठेवून, आणि एक लांबून, आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल असा. दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर ‘पडून मार’ एवढंच लिहिलं जातं. तिथे ‘अमुक ठिकाणी पदपथावरच्या उखडलेल्या फरशीला अडखळून’ असं लिहून घ्यावं. सहा महिन्यांनी घेतलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा त्या एका ओळीचं वजन जास्त.

‘कंत्राटदाराचं काम, पालिकेचा संबंध नाही’

इंग्लंडच्या त्याच कलम 58 मध्ये याचं उत्तर आहे. काम लायक माणसाला दिलं होतं एवढं म्हणून भागत नाही; त्याला योग्य सूचना दिल्या आणि त्याने त्या पाळल्या, हेही प्राधिकरणाने दाखवायचं. नोटीस दोघांनाही पाठवावी. आपसांतलं भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं.

‘करदात्यांच्या खिशावर डल्ला’

भरपाई सार्वजनिक पैशातून जाते हे खरंच आहे. खोटे दावेही होतात. बार्न्सलीच्या निकालात न्यायाधीशांनी ही चिंता बोलून दाखवली होती: यंत्रणेवर फार मोठं ओझं टाकलं तर तिचे तुटपुंजे पैसे दुसऱ्या गरजेच्या कामांवरून इकडे वळतील. ऑस्ट्रेलियात ब्रॉडीसोबतच ऐकलेल्या गांटस खटल्यात पदपथाच्या कडेची माती खचली होती, बाई तिथे पडल्या, आणि जुनी सूट रद्द करणाऱ्या त्याच कोर्टाने त्यांना काही दिलं नाही. दिसण्यासारखी गोष्ट होती, असं म्हटलं. कोर्टं पैशांच्या थैल्या उघडून बसलेली नाहीत.

पण ‘पैसा नाही, माणसं नाहीत’ ही सबब दरवेळी खरी असते का? ग्रिफिथ्समध्ये लिव्हरपूलने तीच सांगितली. फरशा बसवणारे कुशल कारागीर मिळत नाहीत, मग पाहणी करून तरी काय उपयोग? साक्षीत निघालं ते वेगळंच. ती एक डुगडुगती फरशी तात्पुरती धोक्याविना करायला कारागीर लागत नव्हता, साधा मजूर पुरला असता. आणि मजुरांची टंचाई नव्हती.