पुट्टी लावा, निर्धास्त राहा

इमारत पस्तीस वर्षांची झाली आणि अजून उभी आहे, म्हणजे ती भक्कमच असणार. पुण्यातल्या सोसायट्यांचा हा सर्वमान्य सिद्धांत आहे. तुम्हीही त्यावर श्रद्धा ठेवा.

पार्किंगमधल्या कॉलमवर उभी भेग दिसली तर घाबरू नका. आतली सळई गंजली की गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट बाहेर ढकलतो. म्हणून भेग सळईच्या रेषेतच जाते. हे समजावणाऱ्या इंजिनिअरला चहा पाजून वाटेला लावा आणि पेंटरला बोलवा. तो पुट्टी भरेल, वर रंगाचे दोन हात मारेल. पुढच्या पावसाळ्यात भेग तिथेच उमटेल, पुन्हा पुट्टी. फक्त भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकण्याचा आगाऊपणा कोणाला करू देऊ नका. काच तडकली की भेग वाढतेय हे सगळ्यांना कळतं आणि वार्षिक सभेत नको तो विषय निघतो. त्याच कॉलमच्या पायथ्याशी रोज पाइप लावून गाड्या धुवायला मात्र हरकत नाही.

गच्ची गळते? जुना कोबा, म्हणजे पाणी अडवायचा विटा-सिमेंटचा थर, फोडण्याचा खर्च कशाला, त्यावरच नवा घाला. चार इंची थर म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. राहत्या खोलीच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून एवढाच भार धरतात, पण हा हिशेब मीटिंगमध्ये काढू नये. मग २,००० लिटरची टाकी, भरल्यावर दोन टन, स्लॅबच्या अगदी मधोमध ठेवा. कॉलमवर ठेवली तर पाइप लांब पडतो ना.

लोड-बेअरिंग, म्हणजे कॉलमऐवजी भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत तळमजल्यावर दुकान असेल तर शटर रुंद करायला मधली भिंत काढून टाका. वरचे तीन मजले तिच्यावरच उभे आहेत, हा वरच्यांचा प्रश्न.

मागच्या संरक्षक भिंतीतल्या पाणी निघायच्या भोकांतून गढूळ ओघळ येतात, फार वाईट दिसतं. सिमेंटने बुजवा. पाणी मागच्या मातीत साठून भिंतीला रेटत राहील, पण रंग स्वच्छ राहील. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या खोल्यांवर कोसळून १५ जण गेले. तुमच्या भिंतीपलीकडे तर नुसत्या गाड्या आहेत. आणि वॉचमनची खोली.

स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं म्हणाल, तर सोसायटीच्या उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ते करायला सांगितलंय. करा की, पण अहवाल नीट निवडा. ‘सी-१’ आला, म्हणजे रिकामी करून पाडा, तर दुसरा सल्लागार गाठा. ‘सी-२-बी’ देणारा, म्हणजे राहता राहता दुरुस्त करा म्हणणारा, शोधला की सापडतो. पेठेतल्या वाड्यात तर ही सोय दुहेरी. मालकाला सी-१ हवा, कारण भाडेकरू निघतात. भाडेकरूला सी-२-बी हवा, कारण एकदा बाहेर पडलं की परत खोली मिळेल याची हमी कोण देणार? (त्याची ही भीती खोटी नाही, एवढं तरी मान्य करू.) दोघांचे अहवाल कोर्टात भांडतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका दारावर नोटीस चिकटवते, मालक तिचा फोटो काढून वकिलाला पाठवतो, भाडेकरूही पाठवतो, आणि जिन्याखालच्या सागवानी खांबाला लागलेल्या वाळवीचा फोटो कोणीच काढत नाही.