प्रतिक्रियेला उत्तर: दिसायला एक, तरी प्रजाती दोन?

तुमचा सूर कडक आहे, पण मुद्दा बिनबुडाचा नाही. तुमचं म्हणणं असं, की डासांचे पंख, पाय, मिशा सगळं सारखं असताना निव्वळ गुणसूत्रांवरून दोन प्रजाती मानणं हा नावं वाढवायचा उद्योग आहे.

जे पटलं ते आधी. नुसत्या संख्येवर प्रजाती ठरत नाही. लेप्टिडिया सिनापिस या पांढऱ्या फुलपाखरात स्पेनकडे १०६ गुणसूत्रं सापडतात, कझाकस्तानात ५६, तरी ती एकच प्रजाती मानतात. आकडा बदलला की नवं नाव ठोकणाऱ्यांवर तुम्ही खुशाल चिडा, मीही चिडतो.

पण भारतात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हा डास घ्या. अंडी अर्धवट वाढलेल्या मादीच्या अंडाशयातल्या पोषक पेशी काचपट्टीवर दाबून रंगवल्या, की आडव्या पट्ट्यांची जाडजूड गुणसूत्रं दिसतात. कधी एखादा तुकडा उलटा बसलेला असतो. आईकडून सुलटा आणि बापाकडून उलटा आला, तर पट्टीला पट्टी जुळवताना तिथे फास पडतो. १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी एक्स गुणसूत्रावरच्या अशा तुकड्यांवरून या डासाचे ए आणि बी असे गट वेगळे केले. एकाच ठिकाणी पकडलेल्या माद्यांमध्ये दोन्ही गट असतात, पण दोघांच्या संकराचा फास जवळपास दिसतच नाही. शेजारी राहूनही सोयरीक नाही! शिवाय ए मलेरियाचा पक्का वाहक, बी अगदीच कमकुवत. दोघांना एकत्र मोजलं तर धोक्याचा अंदाजच चुकतो.

आणि नावं वाढवायचीच हौस असती, तर आजवर ओळखलेल्या ए ते ई या पाचही गटांना एव्हाना लॅटिन नावं मिळाली असती. ते अजून अक्षरांवरच आहेत. नियमानुसार नाव एका ठरावीक, जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. गाइल्सनं १९०१ मध्ये या डासाला नाव दिलं तेव्हा गुणसूत्रं कोण पाहत होतं? सुकलेल्या डासातून पट्ट्या मिळत नाहीत, त्यामुळे मूळ नावाचा धनी पाचांपैकी कोण, हेच ठरवणं अवघड. ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीचं सोपं होतं. तिच्या ए आणि बी वंशांपैकी बीला डॉबझान्स्की आणि एपलिंग यांनी १९४४ मध्ये ड्रोसोफिला पर्सिमिलिस असं नाव देऊन टाकलं.

राहिला ‘डीएनए असताना काचपट्टी कशाला’ हा टोमणा. या डासाचे गट ओळखणाऱ्या डीएनए चाचण्या पारखून घेतल्या, त्या काचपट्टीवर आधीच ओळखलेल्या डासांवरच.