कोर्टवरून वकिलीत, वकिलीतून पुन्हा कोर्टवर: डोनाल्ड डेल

१९६८ची अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धा आर्थर अ‍ॅशनं जिंकली. बक्षीस होतं १४ हजार डॉलर, पण ते मिळालं अंतिम सामना हरलेल्या टॉम ओकरला! अ‍ॅश तेव्हा लष्करात लेफ्टनंट आणि कागदोपत्री हौशी खेळाडू, म्हणजे बक्षिसाची रक्कम घ्यायची मनाई. त्याच्या हातावर टेकवला गेला दिवसाला २० डॉलर भत्ता. स्टेडियम भरायचं खेळाडूंच्या जिवावर आणि पैसे द्यायची वेळ आली की नियमावर बोट ठेवायचं, याचा मला आजही संताप येतो.

त्या वर्षी डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांच्या टेनिस स्पर्धेत, अ‍ॅशच्या संघाचा कर्णधार होता डोनाल्ड डेल. येल विद्यापीठाकडून टेनिस गाजवलेला, पुढे व्हर्जिनियातून वकील झालेला. वॉशिंग्टनमध्ये सरकारच्या गरिबीविरोधी मोहिमेचे प्रमुख सार्जंट श्रायव्हर (सार्जंट हे नाव, हुद्दा नव्हे) यांच्या हाताखाली आणि मग रॉबर्ट केनेडींच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात त्यानं काम केलं. माणसं कशी बांधायची, टेबलावर बसून मागणी कशी पदरात पाडून घ्यायची, हे तो तिथंच शिकला असं मला ठामपणे वाटतं.

पुढे त्यानं खेळाडूंचे करार सांभाळणारी 'प्रोसर्व्ह' ही कंपनी काढली आणि अ‍ॅश, टेनिसपटू स्टॅन स्मिथ यांचे करार स्वतः केले. टाचेला हिरवा तुकडा असलेले आदिदासचे पांढरे 'स्टॅन स्मिथ' बूट आज कॉलेजची पोरं सर्रास घालतात. तो करार डेलचा. १९८४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा नायकेशी करार झाला, तोही याच कंपनीतल्या डेव्हिड फॉकच्या हातून.

पण मला धंद्यापेक्षा मोठं वाटतं ते १९७२चं काम. टेनिसपटू जॅक क्रेमर आणि क्लिफ ड्रायस्डेल यांच्यासोबत त्यानं खेळाडूंची संघटना, एटीपी, उभी केली. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्ह महासंघानं निकी पिलिचवर डेव्हिस कप न खेळल्याबद्दल बंदी घातली आणि त्यामुळे त्याला विम्बल्डनही खेळता येईना, तेव्हा ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर पाणी सोडलं. त्यात गतविजेता स्मिथही होता! संघटनेचा वकील होता डेल. आपल्याकडे पुढारी क्रीडा संघटनांच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. इथं एक खेळाडू राजकारण शिकून आला आणि खेळाडूंच्या बाजूनं उभा राहिला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. खेळाडूंचा एजंट तोच, स्पर्धेचा आयोजक तोच आणि टीव्हीवर समालोचनही त्याचंच. आपल्याच अशिलाच्या सामन्यावर बोलणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी ते योग्य नाही. त्याच्यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्तच होती.

तरीही वॉशिंग्टनमध्ये त्यानं सुरू केलेल्या टेनिस स्पर्धेबद्दल मी त्याला शंभर गुण देईन. १९६९ मध्ये ती सुरू करताना अ‍ॅशनं अट घातली: गोरे-काळे दोघेही राहतात अशा वस्तीत भरवणार असाल तरच खेळेन. रिचमंडमध्ये लहानपणी कातडीच्या रंगामुळे कोर्टवर पाऊल ठेवू न दिलेल्या माणसाची ही अट. डेलनं श्रीमंतांचा क्लब न धरता रॉक क्रीक पार्कमधली सार्वजनिक कोर्टं निवडली. तिथं आसपासच्या वस्तीतला माणूस चालत येऊन अ‍ॅशला बघू शकत होता.